वायपर बंद केला की काचेच्या मधोमध थांबतो, वॉशरचं पाणी एकाच बाजूला: मोटर खरंच बदलायची का?

गिरणाकाठ, चाळीसगाव

राम राम मंडळी. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ८० हजार किलोमीटर झालेली. पाऊस लागायच्या आत वायपरचं काम उरकायचं आहे. जूननंतर आठवड्यातून दोनदा कन्नडचा घाट चढावा लागतो, आणि तिथं धुकं, पाऊस आणि पुढच्या ट्रकच्या चाकांचा चिखल एकदमच काचेवर येतो.

वायपर स्लो आणि फास्ट दोन्हीवर नीट चालतो. पण दांडी बंदवर आणली की ब्लेड जिथं असतील तिथंच उभे राहतात, खाली जाऊन बसत नाहीत. दुसरं म्हणजे ब्लेड वर जाताना थडथड उड्या मारत जातात, खाली येताना मात्र गुळगुळीत येतात. आणि वॉशरची दांडी ओढली की पंपाचा आवाज लगेच येतो, पाणी मात्र तीन-चार सेकंदांनी येतं. डाव्या नोझलला धार चांगली आहे, उजवा नुसता पाझरतो.

गॅरेजमध्ये सांगितलं की वायपर मोटर गेली, लिंकेजसकट (ब्लेड हलवणाऱ्या सळ्यांसकट) नवी टाका, पंपही बदला. दोन्ही वेगांवर चालणारी मोटर गेली कशी, हे काही पटत नाही. ही सगळी यंत्रणा आतून कशी चालते, ते कुणी नीट समजावून सांगाल का? घरी मल्टिमीटर आहे, गोटी पान्यांचा सेट आहे, दोन्ही वापरता येतात.

तांबं_आणि_कार्बन, धुळे

भाऊ, शंका बरोबर आहे. मोटर गेलेली नाही. मोटरीच्या डब्यातला एक छोटा स्विच काम करत नाही.

आधी मोटर समजून घ्या. ही १२ व्होल्टची डीसी मोटर असते. आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारतं, आणि वर्म गिअर तो वेग साधारण पन्नासाव्या-साठाव्या हिश्श्यावर आणतो. म्हणून बाहेरचा दांडा स्लोवर मिनिटाला ४०-४५ आणि फास्टवर ६०-६५ फेरे मारतो. मोटर एकाच दिशेनं गोल फिरते. तिच्या दांड्यावरची क्रँक लिंकेजच्या सळ्या पुढंमागं ढकलते आणि त्यामुळं ब्लेड जातात-येतात.

वेग दोन कसे मिळतात, तर आत कार्बन (आर्मेचरला करंट देणारे ब्रश) तीन असतात. एक अर्थचा (निगेटिव्हचा), त्याच्या बरोबर समोर स्लोचा आणि थोडा तिरका बसवलेला फास्टचा. तिरक्या कार्बनमधून करंट गेला की आर्मेचरमधली कमी गुंडाळी कामाला येते, मोटर स्वतः जो उलटा व्होल्टेज तयार करते तो कमी होतो आणि वेग वाढतो. तुमचे दोन्ही वेग चालतात, याचा अर्थ तिन्ही कार्बन, आर्मेचर, गिअर आणि अर्थ सगळं धड आहे.

आता बंद करण्याचं बघू. दांडी बंदवर आणली तरी मोटरीचा करंट लगेच तुटत नाही. गिअरच्या चाकावर पितळी पट्टा असतो आणि त्यावर दोन-तीन स्प्रिंगच्या पत्त्या घासतात. हाच पार्क स्विच. ब्लेड खाली पोचलेले नसतील तोवर ही पत्ती १२ व्होल्ट घेते आणि कॉम्बिनेशन स्विचमधून (स्टिअरिंगखालच्या दांडीच्या स्विचमधून) स्लोच्या कार्बनला देते. ब्लेड तळाशी आले की पत्ती पितळावरून सरकून अर्थला लागते. तेव्हा करंट तर बंद होतोच, शिवाय मोटरीची दोन्ही टोकं अर्थला जोडली जातात, ती क्षणभर जनरेटरसारखी वागते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. म्हणून चांगला वायपर खाली येऊन टक्कन थांबतो, पुढं घसरत नाही.

यावरून दोष ओळखता येतो. १२ व्होल्टची पत्ती लागत नसेल तर ब्लेड मधेच थांबतात, तुमच्यासारखे. अर्थची पत्ती लागत नसेल तर उलटं होतं: ब्रेक लागत नाही, ब्लेड खालच्या जागेवरून पुढं घसरतात, पुन्हा करंट मिळतो आणि दांडी बंद असूनही वायपर फिरतच राहतो.

खात्री अशी करा. बॉनेट उघडा, वायपर चालू करून मधे आला की बंद करा, चावी ऑनच ठेवा. मोटरीच्या कनेक्टरला चार-पाच वायरी असतात: सप्लाय, स्लो, फास्ट, पार्क, आणि अर्थ वेगळा असेल तर तो. कनेक्टर काढू नका. मागून मीटरची पिन घालून सप्लाय आणि पार्क या दोन वायरी अर्थच्या हिशेबानं मोजा. भार नसेल तर गंजलेली पत्तीसुद्धा पूर्ण १२ दाखवते. भार असताना ती किती देते तेच खरं.

सप्लायला १२ आणि पार्कला शून्याच्या आसपास आलं तर दोष मोटरीच्या डब्यात. पार्कलाही १२ आलं आणि तरी मोटर जागची हलत नसेल तर दोष स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये, रिलेत किंवा मधल्या वायरीत. आणि सप्लायलाच काही आलं नाही तर फ्यूज बघा. फ्यूज किती अँपिअरचा ते फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर छापलेलं असतं, तेवढाच घाला. लिंकेज अडकली की मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेव्हा मोठा फ्यूज तग धरेल आणि वायर जळेल.

ज्या नव्या गाड्यांत मोटरीला स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यांना ही तपासणी लागू नाही. तुमच्या २०१५ च्या गाडीत साधी मोटर असणार.

रबर_आणि_काच, भुसावळ

थडथडीबद्दल लिहितो.

ब्लेडचं रबर काचेवर सरळ उभं नसतं. त्याची बारीक कड मागं झुकून घासत जाते, आणि टोकाला दिशा बदलली की ती कड उलटी पडते. दर फेरीत दोनदा. ही पालटी नीट झाली नाही की कड मागं झुकायच्या ऐवजी पुढं रोवली जाते, अडकते, सुटते, पुन्हा अडकते. तीच थडथड.

एकाच दिशेनं थडथड होत असेल तर कारण दोनपैकी एक. रबर एका बाजूला वाकून कडक झालं असेल, किंवा आर्म (ब्लेड धरणारा दांडा) पिळला गेला असेल. दोन्ही दिशांनी होत असेल तर काचेवर मेणाचा, तेलाचा थर आहे असं समजा.

आपल्याकडं पहिलं कारणच जास्त. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, उन्हातली काच तर हात लावता येणार नाही इतकी तापते. वायपर चार-पाच महिने कोरडा, एकाच कुशीवर दाबून पडलेला. रबर त्याच आकारात बसतं. दिवाळीला बदललेलं रबर जूनपर्यंत असं होणं यात नवल काहीच नाही. म्हणून आमच्या भागात ब्लेड मेअखेर बदलावेत. दिवाळीला बदलले तर त्यांचं सगळं आयुष्य उन्हातच जातं.

ब्लेड उचलून कडेला बोट फिरवा. कड एका बाजूला वळलेली राहत असेल, किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील, तर बदला. रबर मऊ आणि सरळ असेल तर आर्म तपासा. आर्म उभा करण्याआधी काचेवर जाडसर टॉवेल घडी करून ठेवा, कारण ब्लेड काढलेला नुसता लोखंडी आर्म स्प्रिंगनं सुटून काचेवर आपटला तर काच तडकते. ब्लेड काढा आणि ब्लेड मधोमध असतो त्या जागी आर्म हळूच टॉवेलवर टेकवा. आर्मच्या टोकाची चपटी पट्टी काचेला समांतर दिसली पाहिजे. एक कड वर, एक खाली असेल तर आर्म पिळलेला आहे. दोन पान्यांत पट्टी धरून अगदी किंचित उलटा पीळ द्या, ब्लेड लावा, ओल्या काचेवर चालवून बघा, लागलं तर पुन्हा. एकदम जोर लावू नका. धुताना आर्म धरून ओढणं, कापड अडकणं, एवढ्यानंही पीळ पडतो.

काचेची परीक्षा सोपी आहे. ग्लासभर पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर काच स्वच्छ. थेंब-थेंब गोळा झाले तर वर थर आहे. गाडी धुणारे बॉडीचं पॉलिश काचेवरही फिरवतात, त्यातलं मेण आणि सिलिकॉन राहतं. डिझेलच्या धुराचा चिकटपणा असतोच. साध्या पाण्यानं तो जात नाही. काच धुवून वाळवा, स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, रबराची कडही त्याच कापडानं एकदा पुसून घ्या. कापडावर काळं येईल, ते सुटलेलं रबर आणि मळ. येणं थांबेपर्यंत पुसा, पण रगडू नका, रबरावरचा ग्रॅफाइटचा लेप निघून जातो.

नवा ब्लेड घेताना जुना फूटपट्टीनं मोजा. ड्रायव्हरकडचा आणि डावीकडचा बहुतेक गाड्यांत वेगवेगळ्या लांबीचा असतो. जास्त काच पुसेल म्हणून इंचभर मोठा घेऊ नका. तो काचेच्या कडेच्या रबरावर चढतो किंवा दोघं एकमेकांना धडकतात, आणि भार मोटरीवर येतो.

रावेरची_ताई

वॉशरचं मी सांगते. गिरणाकाठ दादा, पंप विकत घेऊ नका. एका नोझलला चांगली धार येते, म्हणजे पंप दाब देतो आहे.

बाटलीच्या तळाशी, रबरी बुशमध्ये खोचलेला छोटा पंप असतो. त्यात पंखा फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो. हा पंप पाणी वर ओढून घेऊ शकत नाही, म्हणून त्याला पाण्याच्या पातळीखाली बसवतात. तोंडाशी बारीक जाळी असते. तिथून पाइप बॉनेटखाली जातो, टी जॉइंटला दोन फाटे फुटतात, एक डाव्या नोझलला आणि एक उजव्याला. पाणी मागं बाटलीत उतरू नये म्हणून वाटेत नॉन रिटर्न व्हॉल्व असतो, कधी टी जॉइंटमध्येच.

दोन्ही धारा बारीक असत्या तर जाळी, पंप किंवा टीच्या आधीचा पाइप बघा असं म्हटलं असतं. तुमची एकच बारीक आहे, म्हणजे अडथळा टीच्या पुढं. उजव्या नोझलवरून पाइप ओढून काढा आणि कुणाला तरी दांडी ओढायला सांगा. पाइपातून भरपूर पाणी आलं तर नोझल बुजला आहे. नाही आलं तर पाइप बॉनेटच्या बिजागरीपाशी दुमडलाय का, टीचा तो फाटा बुजलाय का, ते बघा.

तीन-चार सेकंदांचा उशीर हा व्हॉल्वचा दोष. आतला छोटा रबरी पडदा क्षार बसून उघडा राहतो, गाडी उभी असताना पाइपातलं पाणी उतरून जातं, आणि प्रत्येक वेळी सगळा पाइप नव्यानं भरावा लागतो. व्हॉल्व स्वस्त असतो. त्यावर बाण असतो, तो नोझलच्या दिशेनं ठेवा. उलटा बसवला तर पाणी अजिबात येणार नाही.

नोझल काढता आला तर काढाच. खालून प्लास्टिकची खुंटी दाबली की वर निघतो. अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर अशा मिश्रणात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी सुई न लावता इंजेक्शनच्या सिरिंजनं तोंडाच्या बाजूनं उलटं पाणी मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. भोकात सुई जोरात खुपसू नका, कण आणखी आत जातो आणि भोक मोठं झालं तर धार फाकते. सुई नेम धरायला वापरा. नोझलमध्ये गोळी असते, ती सुईनं हलके फिरवायची. उभ्या गाडीत पाणी काचेच्या वरच्या तिसऱ्या भागात पडलं पाहिजे. ८० च्या वेगाला वारा धार खाली दाबतो, म्हणून उभ्या गाडीत मधोमध पडणारी धार हायवेवर वायपरच्या बुडाशी पडते.

बाटलीत बोअरचं पाणी भरणं बंद करा. आमच्या रावेर-यावलच्या बोअरच्या पाण्यानं स्टीलच्या भांड्यावर पांढरे डाग पडतात, तेच या सुईच्या टोकाएवढ्या भोकात साचतं. आरओचं पाणी किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही क्षाराविना असतं, ते दोनदा कापडातून गाळून भरलं तरी चालतं.

साक्री_५२

ताईंचं सगळं बरोबर. मी बाटलीत चमचाभर कपड्याची पावडर टाकतो, काच मस्त निघते. आणि बाटली कधीच पूर्ण रिकामी होऊ देत नाही.

रावेरची_ताई

साक्री भाऊ, पावडर काढून टाका. ती पूर्ण विरघळत नाही, गाळ जाळीत जमतो. फेसानं पंप दाब धरत नाही आणि काचेवर पांढरट ओघळ वाळतात. वॉशरचं तयार द्रावण मिळतं, बाटलीवर लिहिलेल्या मापानं घाला. ते नसेल तर एका लिटरला सौम्य शाम्पूचे चार-पाच थेंब पुरे. कूलंट तर अजिबात नको, काचेवर तेलकट पडदा धरतो आणि रात्री समोरचा लाइट पसरतो.

रिकामी न होऊ देणं मात्र चांगलं. पंपाला थंडावा आणि वंगण पाण्याचंच असतं. पाणी नसताना दांडी ओढून धरली तर सील जळतं. पाणी असलं तरी एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त ओढू नये.

पांझरा_तीर

बाटली भरूनही दोन दिवसांत रिकामी होत असेल तर गाडीखाली बघा. पंपाचा रबरी बुश कडक होऊन गळतो, नाहीतर उंदरानं पाइप कुरतडलेला असतो. खळ्यात, गोडाऊनजवळ लावलेल्या गाड्यांत हे फार. कुरतडलेला तुकडा कापून त्याच आतल्या मापाचा पाइप आणि प्लास्टिकचा जोड टाका. चिकटपट्टी टिकत नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव

मोजलं. ब्लेड मधे, दांडी बंद, चावी ऑन, कनेक्टर लावलेला. सप्लायला १२.३, पार्क वायरला ०.४. चिमट्यानं सप्लाय आणि पार्क वायर क्षणभर जोडल्या तर ब्लेड हलले.

उजव्या पाइपातून पाणी भरपूर येतं, म्हणजे नोझलच. व्हिनेगरमध्ये ठेवला आहे. आर्म समांतर आहे, रबरच एका बाजूला वळलेलं निघालं. काऊलखाली (काचेच्या बुडाशी असलेल्या प्लास्टिकच्या जाळीखाली) कापसाचं बोंड-बोंड साठलं होतं, पाणी जायची भोकं पूर्ण बुजलेली.

आता डबा उघडू का?

तांबं_आणि_कार्बन, धुळे

उघडा. आकडे स्पष्ट आहेत, १२ व्होल्टची पत्ती लागत नाही. फक्त वायरी चिमट्यानं पुन्हा जोडू नका, ब्लेड तळाशी असताना जोडल्या तर सप्लाय सरळ अर्थ होऊन फ्यूज उडतो.

काऊलमधला कापूस हे कदाचित मूळ कारण. जिनिंगच्या हंगामात ट्रकमधून उडालेला कापूस त्या जाळीत बसतो, पावसाचं पाणी तुंबतं आणि मोटर ओलीत राहते. भोकं तारेनं मोकळी करून वरून तांब्याभर पाणी ओता, चाकाच्या मागं गळलं पाहिजे.

काम असं करा. ब्लेड खाली बसलेले असताना त्यांच्या जागी काचेवर चिकटपट्टी लावून खूण करा. तुमचे ब्लेड आपोआप खाली येत नाहीत, म्हणून स्लोवर चालवून अगदी तळाला आले की चावीच बंद करा. दोन-तीन प्रयत्न लागतील. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण लिंकेजमध्ये बोटं असताना मोटर फिरली तर बोट वाचत नाही. आर्मचे नट काढा, आर्म दात्यांवर जाम असेल तर हातानं डावं-उजवं हलवून सोडवा, खालून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. काऊल काढा, लिंकेज मोटरीसकट बाहेर येते. क्रँक आणि दांडा या दोघांवर मार्करनं एक सलग रेघ ओढा, मगच नट सोडा. ही रेघ चुकली तर ब्लेड भलत्याच जागी थांबतात.

गिअरच्या डब्याचं झाकण स्क्रूनं किंवा रिपिटांनी बसवलेलं असतं. रिपिट असतील तर ड्रिल करून काढा आणि परत लावताना छोटे नटबोल्ट वापरा. आत जुनं ग्रीस काळं, मेणासारखं घट्ट झालेलं दिसेल. उन्हानं ते सुकतं आणि पितळी पट्ट्यावर पसरतं, पत्ती त्याच्यावरून तरंगत जाते. कापडानं पुसा, पट्ट्यावर झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पत्तीचं टोक चपटं झालं असेल तर तिला केसभर वाकवून दाब वाढवा. पत्ती जळून आखूड झाली असेल किंवा पट्ट्याखालचं प्लास्टिक वितळलं असेल तर मात्र डबा बदलावा लागेल. वर्मच्या दात्यांना नवं लिथियम ग्रीस लावा, पट्ट्यापासून दूर ठेवा.

लिंकेज हातात आहे तोवर सळ्यांच्या टोकाचे नायलॉनचे बुश हलवून बघा. खुळखुळत असतील तर तेही बदला, नाहीतर ऐन पावसात सळी निसटते: मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि ब्लेड हलत नाहीत. दोन्ही पिव्होटचे, म्हणजे आर्म ज्यावर बसतात ते, दांडे बोटांनी सहज फिरले पाहिजेत. जड असतील तर तेल सोडून मोकळे करा. जड पिव्होट असला की मोटर रडत चालते आणि आतला थर्मल कटआउट तिला मधेच बंद पाडतो, पाच-दहा मिनिटांनी थंड झाली की परत चालू होते. लोक त्यालाही मोटर गेली म्हणतात.

बसवताना आधी आर्मशिवाय मोटर जोडा, बॅटरी लावा, दोन-चार फेरे चालवा आणि बंद करा. मोटर स्वतः पार्कवर येऊन थांबली की मगच आर्म चिकटपट्टीच्या खुणेवर बसवा आणि नट घट्ट करा. आर्मचे दाते अॅल्युमिनियमचे असतात. नट सैल राहिला तर ते झिजतात आणि तो एक ब्लेड जागेवरच राहतो.

रबर_आणि_काच, भुसावळ

नवे ब्लेड लावल्यावर पहिली फेरी कोरड्या काचेवर मारू नका. उन्हाळाभर साचलेल्या मुरमाच्या धुळीत दगडाचे कण असतात, कोरडा वायपर फिरला की काचेवर अर्धगोल ओरखडा पडतो आणि तो निघत नाही. आधी बादलीनं काच धुवा. रोज चालवतानाही दांडी ओढा, पाणी पडू द्या. रिले अर्ध्या सेकंदानं वायपर आपोआप चालू करतो आणि पाणी थांबल्यावर दोन-तीन फेरे जास्त मारून काच कोरडी करतो.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हायवेला किडे-पाखरं काचेवर चिकटतात, त्यावर वायपर चालवला तर सगळं पसरून समोरचं दिसेनासं होतं. गाडी बाजूला घेऊन ओलं कापड पाच मिनिटं काचेवर टाकून ठेवा, मग पुसा.

गिरणाकाठ, चाळीसगाव

डबा उघडला. काळं ग्रीस पट्ट्यावर आलेलंच होतं, पत्ती शाबूत. साफ केलं, पत्ती किंचित वाकवली. आता दांडी बंद केली की ब्लेड खाली येऊन टक्कन थांबतात, चार वेळा वेगवेगळ्या जागी बंद करून बघितलं. व्हॉल्व आणि ब्लेड नवे टाकले, थडथड गेली. डावीकडच्या सळीचा एक बुश फुटलेला निघाला, तो बाजारात सुटा मिळत नाहीये. लिंकेजच पूर्ण घ्यावी लागेल का?

पांझरा_तीर

दादा, बुशचं आतलं माप आणि खिळ्याच्या गोळीचा व्यास कॅलिपरनं मोजून घ्या. गिअर शिफ्टच्या केबलचे नायलॉन बुश कधीकधी वायपरलाही बसतात. जुना बुश खिशात घालून ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात जा आणि तिथल्या खोक्यातला लावून बघा. बसताना हातानं दाबून टक आवाज आला पाहिजे. सैल जात असेल तर तो घेऊ नका, घाटात निसटेल.